डॉसआरला फॉस्फेट लागतो, एवढ्यावरून काय म्हणता येते?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर नेमके कशाला आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला आहात. क्षयाच्या जिवाणूतील डॉसएस या कायनेझचा (फॉस्फेट चढवणाऱ्या प्रथिनाचा) शेवटाकडचा तुकडा आणि त्याचे जोडीदार प्रथिन डॉसआर ही दोन्ही तुम्ही ई. कोलायमध्ये तयार करून शुद्ध केली आहेत. एटीपी (फॉस्फेट पुरवणारा रेणू) घालून फॉस-टॅग जेलवर, म्हणजे फॉस्फेट असलेले प्रथिन मागे रेंगाळते अशा जेलवर, चालवल्यावर एकदा पट्टी सरकलेली दिसते आणि पुढच्या वेळी त्याच प्रथिनाची सरकत नाही. त्यातच डॉसएसने तासाभरात दुसऱ्याच एका नियामक प्रथिनालाही थोडा फॉस्फेट दिल्याचे तुम्हाला आढळले. तुमच्याकडे बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीची कडक सुरक्षेची) प्रयोगशाळा नाही, किरणोत्सर्गी एटीपी वापरण्याची परवानगी नाही, आणि मार्गदर्शकांना प्रबंधात ‘डॉसआर हे प्रथिन रोग होण्यासाठी आवश्यक आहे’ असे वाक्य हवे आहे. ते वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येण्यासाठी आणखी काय करावे लागेल, आणि या प्रथिनाला औषधाचे लक्ष्य म्हणता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते तुमची खरी अडचण जेलची नाही. जेलचा प्रश्न सुटण्यासारखा आहे आणि त्याबद्दल मी पुढे सविस्तर लिहिते. अडचण अशी आहे की तीन वेगवेगळे प्रश्न एकाच वाक्यात बांधले गेले आहेत. पहिला प्रश्न रसायनाचा आहे: फॉस्फेट कुठून कुठे जातो? दुसरा संकेताचा: जिवंत जिवाणूमध्ये हा प्रवास कशामुळे सुरू होतो आणि कशामुळे थांबतो? तिसरा रोगाचा: तो प्रवास बंद केला तर यजमानाच्या शरीरात जिवाणूचे काय होते? या तिन्हींचे पुरावे वेगळे असतात आणि एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर जमा करता येत नाही. संकेत-प्रथिनांवरचे प्रबंध तपासताना मला सर्वांत जास्त वेळा आढळणारी उणीव हीच आहे. पहिल्या प्रश्नाचे काम नेटके झालेले असते आणि निष्कर्ष मात्र तिसऱ्या प्रश्नाचा काढलेला असतो.

विषयाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी देते. जिवाणूला बाहेरची परिस्थिती कळावी यासाठी त्याच्याकडे प्रथिनांच्या जोड्या असतात. जोडीतले संवेदक प्रथिन संकेत ओळखून स्वतःच्याच एका हिस्टिडीनवर (प्रथिनातल्या एका अमिनो आम्लावर) फॉस्फेट चढवते. तो फॉस्फेट मग जोडीदार नियामकाच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लावर जातो, आणि नियामक डीएनएला चिकटून ठरावीक जनुके चालू किंवा बंद करतो. ई. कोलायमध्ये अशा सुमारे ३० जोड्या आहेत. क्षयाच्या जिवाणूचा एच३७आरव्ही या वाणाचा संपूर्ण जनुकसंच १९९८ साली प्रसिद्ध झाला तेव्हा जवळपास ४,००० जनुकांत अशा पूर्ण जोड्या जेमतेम डझनभर निघाल्या. त्याऐवजी सेरीन आणि थ्रिओनीनवर फॉस्फेट चढवणारी, आपल्या पेशींतल्या कायनेझांसारखी ११ कायनेझे त्याच्याकडे आहेत. तुमची जोडी या डझनभरांपैकी सर्वांत जास्त अभ्यासलेली म्हणावी लागेल. दिल्लीच्या एम्समधील जया त्यागी यांच्या गटाने २००० साली तिचे वर्णन डेव्हआर-डेव्हएस या नावाने केले. पुढे ऑक्सिजनच्या कमतरतेवरच्या कामातून डॉस हे नाव रूढ झाले. २००३ सालापर्यंत हे स्पष्ट झाले होते की ऑक्सिजन कमी पडला किंवा नायट्रिक ऑक्साइड आले की डॉसआर सुमारे ४८ जनुकांचा गट जागा करते. संवेदक दोन आहेत, डॉसएस आणि डॉसटी, आणि दोघांच्याही पोटात हीम (ऑक्सिजन धरू शकणारा लोहयुक्त रेणू) आहे.

आता जेलकडे येऊ. तुम्ही नमुना तयार करण्याची जी पद्धत लिहिली आहे तिच्यात ‘९५ अंशांवर ५ मिनिटे’ असे आहे. एसडीएस जेलसाठी (प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या नेहमीच्या जेलसाठी) प्रत्येकाला शिकवली जाणारी हीच पायरी इथे घात करते. हिस्टिडीनवरचा फॉस्फेट नायट्रोजनला जोडलेला असतो, सेरीनवरच्या फॉस्फेटसारखा ऑक्सिजनला नाही. हा बंध आम्लात चटकन तुटतो आणि उष्णतेने त्याचा वेग आणखी वाढतो. अल्कलीत मात्र तो बऱ्यापैकी टिकतो. ॲस्पार्टेटवरच्या फॉस्फेटची गोष्ट निराळी आहे. तो अल्कलीतही टिकत नाही आणि उकळणे तर त्याला मुळीच सोसत नाही. त्यामुळे नमुना गरम करायचा नाही, अभिक्रिया थांबवायला ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल वापरायचे नाही, आणि किरणोत्सर्गी पद्धत वापरत असाल तर जेल ॲसिटिक आम्लात भिजवत ठेवायचे नाही. एसडीएसचा बफर घालून नमुना बर्फावर ठेवावा, लगेच जेलवर चढवावा आणि जेल थंड खोलीत चालवावे. आमच्याकडे नवीन विद्यार्थी आला की त्याला पहिल्याच आठवड्यात एकच नमुना दोन भागांत विभागून, एक गरम करून आणि एक तसाच, शेजारी शेजारी चालवायला सांगते. गरम केलेल्या रांगेत वरची पट्टी नाहीशी झाली तर फायदा दुहेरी होतो: पद्धत समजते आणि ती पट्टी सेरीन-थ्रिओनीनवरच्या टिकाऊ फॉस्फेटची नाही याची पहिली खूणही मिळते.

फॉस-टॅगविषयी आणखी दोन गोष्टी. या जेलमधला रेणू मँगनीज किंवा झिंकच्या आयनांच्या मदतीने फॉस्फेट पकडतो, म्हणून नमुन्यात ईडीटीए (धातूंचे आयन पकडून ठेवणारे रसायन) आले की ते आयन हिरावले जातात आणि पट्ट्या वाकड्या-तिकड्या पसरतात. प्रथिन शुद्ध करताना बफरमध्ये ईडीटीए घातले होते का, आणि प्रोटीएझ रोखणाऱ्या गोळीत ते होते का, हे आधी पाहा. अनेक गोळ्यांत ते असते आणि वेष्टणावर बारीक अक्षरात लिहिलेले असते. शिवाय कायनेझला स्वतःच्या कामासाठी मॅग्नेशियम किंवा मँगनीज लागते, म्हणजे ईडीटीए दोन ठिकाणी नडते. दुसरी गोष्ट म्हणजे एरवी वजन मोजण्यासाठी वापरतो त्या रंगीत प्रथिनांच्या खुणा या जेलवर भरवशाच्या नसतात. सरकलेल्या पट्टीचे ‘वजन’ सांगण्याचा प्रयत्न करू नका. तिची तुलना एटीपी न घातलेल्या रांगेशीच करा.

यानंतर ज्या दोन नियंत्रण-चाचण्यांशिवाय मी कोणताही निष्कर्ष मान्य करत नाही त्या अशा: डॉसएसमधील ३९५ व्या हिस्टिडीनच्या जागी ॲलानीन घातलेले प्रथिन, आणि डॉसआरमधील ५४ व्या ॲस्पार्टेटच्या जागी ॲस्परजीन घातलेले प्रथिन. दोन्ही तुमच्या मूळ प्रथिनांबरोबर, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने शुद्ध करायला हवीत. ई. कोलायची स्वतःची कायनेझे शुद्धीकरणात सोबत येऊ शकतात. हिस्टिडीन काढलेल्या प्रथिनातही फॉस्फेट दिसला तर तो त्यांच्यामुळे आलेला आहे, हे या एका रांगेवरून कळते. डॉसआरच्या बाबतीत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. पीकेएनएच हे सेरीन-थ्रिओनीन कायनेझ डॉसआरच्या शेवटाकडच्या दोन थ्रिओनीनवर फॉस्फेट चढवते, असे २०१० साली दाखवले गेले आहे. तुमच्या नळीत पीकेएनएच नाही, म्हणून आज हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. पण पुढे मायकोबॅक्टेरियाच्या पेशींतून डॉसआर वेगळे केलेत तर एकाच प्रथिनाच्या दोन-तीन सरकलेल्या पट्ट्या दिसू शकतील आणि त्या सगळ्या डॉसएसच्या खात्यावर टाकून चालणार नाही.

किरणोत्सर्गी फॉस्फरस-३२ वापरावा का, हे तुमच्या संस्थेवर अवलंबून आहे. संवेदनशीलता हवी असेल तर आजही त्याला तोड नाही. त्यासाठी अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी, नेमलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आणि कचरा साठवण्याची सोय लागते. अर्धायुष्य सुमारे १४ दिवसांचे असल्याने पार्सल आले की प्रयोग आठवड्यावर ढकलता येत नाही. एवढ्यासाठी नवी परवानगी काढण्यापेक्षा ती आधीच असलेल्या संस्थेत जाऊन नेमके ठरवलेले प्रयोग उरकून येणे शहाणपणाचे आहे. जाण्यापूर्वी प्रथिनांचे प्रमाण, वेळा आणि नियंत्रण-रांगा फॉस-टॅगवर पक्क्या करून घ्या. तिथे ॲक्रिलिकच्या पडद्याआड काम करावे लागेल. या बीटा कणांसमोर नुसते शिसे ठेवले तर त्यातूनच क्ष-किरण निर्माण होतात, हे माहीत नसलेले अनेकजण भेटतात.

आता दुसऱ्या नियामकालाही फॉस्फेट गेल्याचा मुद्दा घेऊ, कारण तुम्ही तो दोष समजून घाबरला आहात आणि मला तो तुमच्या कामातला सर्वांत रोचक भाग वाटतो. चाचणीनळीत भरपूर कायनेझ, भरपूर नियामक आणि भरपूर वेळ दिला तर परके जोडीदारही फॉस्फेट घेतात. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गटाने २०१५ साली क्षयाच्या जिवाणूतील कायनेझे आणि नियामक पद्धतशीरपणे एकमेकांसमोर ठेवून अशी देवाणघेवाण बऱ्याच प्रमाणात होते असे दाखवले. यावरून पेशीतही असेच होते असे लगेच म्हणता येत नाही, आणि होत नाही असेही म्हणता येत नाही. फरक कळतो तो वेगावरून. खरा जोडीदार काही सेकंदांत ते एक-दोन मिनिटांत फॉस्फेट उचलतो, परक्याला तासभर लागतो. म्हणून एकाच वेळेचा प्रयोग करू नका. आधी डॉसएसला एटीपी देऊन फॉस्फेट चढवून घ्या, उरलेले एटीपी लहान स्तंभातून काढून टाका, मग दोन्ही नियामक वेगवेगळ्या नळ्यांत सारख्याच प्रमाणात घालून १० सेकंद, ३० सेकंद, १ मिनिट, ५ मिनिटे आणि ६० मिनिटे असे नमुने घ्या. त्यानंतर दोन्ही नियामक एकाच नळीत घाला, कारण पेशीत ते एकत्रच असतात. डॉसआर समोर असताना परक्या नियामकाला मिळणारा वाटा नाहीसा होतो का, हे पाहिल्यावर तुमच्या निरीक्षणाला अर्थ येईल.

वेळेच्या या मालिकेत डॉसएसची पट्टी रिकामी होते पण डॉसआरची त्या प्रमाणात भरत नाही, असेही दिसू शकते. तिथे चूक शोधत बसू नका. अनेक संवेदक आपल्या जोडीदारावरचा फॉस्फेट काढूनही टाकतात, आणि डॉसएसबाबत दिल्लीच्याच गटाने २०१६ साली दाखवले की त्याचे हे फॉस्फेट काढण्याचे कामच भरपूर ऑक्सिजन असताना डॉसआरला गप्प ठेवते. म्हणजे ऑक्सिजन असतानाही हे प्रथिन निष्क्रिय बसलेले नसून उलट दिशेने काम करत असते. इथे तुमच्या सध्याच्या रचनेची मर्यादा उघड होते. तुमच्याकडे डॉसएसचा फक्त शेवटाकडचा भाग आहे. हीम असलेला पुढचा भागच नसल्यामुळे ऑक्सिजनचा संकेत घेणारे काहीही तुमच्या नळीत नाही. ‘डॉसएस ऑक्सिजन ओळखते’ असे त्या तुकड्यावरून लिहिता येणार नाही, मग जेल कितीही सुंदर येवो.

संकेताचा प्रश्न हाताळायचा असेल तर पूर्ण लांबीचे डॉसएस करावे लागेल. ई. कोलायच्या माध्यमात डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल (हीमचा कच्चा माल) आणि थोडे लोह घालून, तापमान १८ अंशांपर्यंत उतरवून, रात्रभर संथपणे प्रथिन तयार होऊ द्यावे; नाहीतर अर्ध्याहून अधिक रेणू हीमविना राहतात. हीम आहे की नाही हे डोळ्यांनाही कळते. नळीतले प्रथिन विटकरी-लालसर दिसते, आणि वर्णपटमापकावर ४०० ते ४३० नॅनोमीटरच्या दरम्यान उंच शिखर येते. हीममधील लोहाची अवस्था बदलली किंवा त्याला ऑक्सिजन वा नायट्रिक ऑक्साइड चिकटले की हे शिखर जागा बदलते. ते शिखर आणि फॉस्फेटची पट्टी एकाच नमुन्यातून, त्याच वेळी नोंदवली तरच संकेत आणि क्रिया यांची सांगड घातली गेली असे मी मानते. डॉसएस थेट ऑक्सिजनलाच ओळखते की पेशीतल्या रेडॉक्स (ऑक्सिडीकरण-क्षपणाच्या) स्थितीला, यावर २००७ सालापासून दोन मते आहेत. ऑक्सिजन काढताना तुम्ही डायथायोनाइट वापरलेत तर लोहाचे क्षपण आणि ऑक्सिजनचा अभाव या दोन गोष्टी एकदम घडतात आणि या वादात तुमच्या निकालाचा काहीच उपयोग उरत नाही. नायट्रोजन भरलेल्या पेटीत काम करण्याची सोय नसेल तर हा भाग सहकार्यातूनच करावा, असा माझा आग्रह आहे.

जिवंत पेशींत जाताना पहिला विचार सुरक्षिततेचा. एच३७आरव्ही हा जिवाणू जोखीम गट ३ मध्ये येतो आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याची वाढ बीएसएल-३ शिवाय करता येत नाही. जनुकबदल करायचा तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता आधी लागते. तुमच्यापुढे तीन पर्याय राहतात. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस साधारण तीन तासांत दुप्पट होतो, क्षयाच्या जिवाणूसारखे जवळजवळ पूर्ण दिवसभर थांबावे लागत नाही, म्हणून रचना तपासायला तो उत्तम. पण त्याचे स्वतःचे डॉसआर आहे. ते काढून टाकलेला वाण न घेता त्यात क्षयाच्या जिवाणूचे डॉसआर घातले तर दिसणारा परिणाम कोणाचा हे सांगता येणार नाही. बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतला जिवाणू, हा दुसरा पर्याय आहे आणि त्यात डॉस प्रणाली शाबूत आहे. तिसरा एच३७आरए, रोगक्षमता गमावलेला वाण, ज्यावर अनेक संस्था बीएसएल-२ मध्ये काम करतात.

एच३७आरएवर थोडे थांबते, कारण तुमच्या मूळ प्रश्नाला त्याची कथा फार जवळची आहे. एच३७ हा वाण १९०५ साली न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक इथल्या एका क्षयरुग्णापासून मिळाला आणि १९३४ साली त्यातून घातक आरव्ही आणि निरुपद्रवी आरए असे दोन वाण वेगळे केले गेले. आरए निरुपद्रवी का, याचे एक मोठे कारण २००८ सालच्या आसपास हाती लागले: फोपी नावाच्या नियामकात २१९ व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन आलेले आहे. हा बदल फॉस्फेट घेणाऱ्या भागात नाही, डीएनएला चिकटणाऱ्या भागात आहे. तुम्ही करत आहात तशा फॉस्फेटच्या चाचणीचा रोख या जागेकडे नसतोच. बिघाड कळतो तो पुढच्या पायरीवर, फोपी डीएनएला धरू शकत नाही आणि ईसॅट-६ हे रोगाशी घट्ट निगडित प्रथिन पेशीबाहेर पडत नाही. निरोगी फोपी परत घातल्यावर ईसॅट-६ पुन्हा बाहेर येऊ लागते, पण रोगक्षमता काही अंशीच परतते, म्हणजे आरएमध्ये इतरही दोष आहेत. तुमच्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. डॉसआरच्या बाबतीत फॉस्फेटनंतरची पायरी, म्हणजे त्याच्या गटातील एचएसपीएक्स या जनुकाच्या प्रमोटरला (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाला) ते चिकटते का, ही चाचणी जेलइतकीच महत्त्वाची आहे. आणि आरए वापरणार असाल तर लक्षात ठेवा की फोपीचा डॉसआरच्या जनुकगटावरही प्रभाव असल्याचे दाखवले गेले आहे. तिथे मिळालेला आकडा आरव्हीवर तसाच्या तसा लावता येत नाही.

ऑक्सिजन हळूहळू कमी करण्यासाठी लॉरेन्स वेन यांची १९९६ सालची पद्धत आजही प्रमाण मानतात. बंद नळीत द्रवाच्या निम्म्या आकारमानाएवढी हवा ठेवायची, मंद गतीने ढवळत राहायचे आणि एका वेगळ्या नळीत मिथिलीन ब्लू घालून तिचा निळा रंग कधी उडतो ते पाहायचे. तो उडाला म्हणजे ऑक्सिजन जवळजवळ संपला. डॉसआरचा गट मात्र त्याच्या बराच आधी जागा होतो, त्यामुळे रंग उडेपर्यंत थांबून घेतलेला एकच नमुना मुख्य घटना चुकवतो. त्यातच डॉसटी आधी काम सुरू करते आणि डॉसएस नंतर, असे २००९ सालचे काम सांगते. तुम्ही खूण म्हणून जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन वापरायचे ठरवले आहे. जीएफपीचा रंगद्रव्याचा गाभा पक्व व्हायला ऑक्सिजनच लागतो. प्रमोटर पूर्ण चालू असूनही नळीत चमक दिसणार नाही, आणि नळी उघडून हवा दिलीत तर परिस्थितीच बदलेल. इथे एचएसपीएक्सच्या आरएनएचे मोजमाप अधिक सरळ आहे. नळी उघडताक्षणी गुआनिडिन थायोसायनेट घालून पेशी जागच्या जागी थांबवायच्या, कारण हवा लागताच आरएनएचे चित्र झपाट्याने बदलते. हवेशीर फ्लास्कमध्ये नायट्रिक ऑक्साइड सोडणारे संयुग देऊन हीच जनुके जागी करता येतात. ऑक्सिजनविना वाढवण्याचे कष्ट न घेता ५४ व्या ॲस्पार्टेटचा बदल तपासायला ही वाट मला सोयीची वाटते. फक्त आधीच पूर्ण वायू सोडून बसलेले तेच संयुग नियंत्रण म्हणून वापरायला विसरू नका.

आता मार्गदर्शकांना हवे असलेले वाक्य. डॉसआर रोगासाठी आवश्यक आहे का, याचे साहित्यातले उत्तर प्राण्यागणिक बदलते आणि म्हणूनच ते वाक्य इतके सरळ लिहिता येत नाही. २००३ साली डॉसआर काढलेला जिवाणू प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत उलट अधिक घातक ठरला. २००४ साली गिनीपिगमध्ये हे जनुक बिघडवलेला जिवाणू सौम्य झाल्याचे दिसले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालांतही काही ठिकाणी उणीव दिसली, काही ठिकाणी उंदरांत फरकच दिसला नाही. २०१५ साली मकाक माकडांत मात्र डॉसआरविना जिवाणूला टिकून राहता आले नाही. हे निकाल परस्परविरोधी वाटतात, पण त्यामागे एक समजण्यासारखे कारण आहे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या फुप्फुसात क्षयाच्या गाठी ऑक्सिजनविना गुदमरलेल्या नसतात. गिनीपिग, ससा आणि माकड यांच्यात त्या असतात, माणसाप्रमाणेच. ऑक्सिजनच्या अभावाला उत्तर देणारे प्रथिन, तो अभावच नसलेल्या प्राण्यात तपासले तर ते अनावश्यक वाटणार यात नवल नाही. डॉसआरविषयीचे कोणतेही वाक्य यजमानाचे नाव घेतल्याशिवाय पूर्ण होत नाही, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

जनुक काढण्याच्या पद्धतीनेही निकाल बदलतो. गिनीपिगमधल्या त्या वाणात डेव्हआर, म्हणजेच डॉसआर, पूर्ण काढलेले नव्हते. त्याचा पुढचा भाग कॅनामायसिन-रोधक प्रथिनाला जोडला गेला होता आणि हे जोडप्रथिन पेशीत तयार होत होते. त्याचा परिणाम काय होतो हे त्याच गटाने स्वतः तपासून २०१० साली प्रसिद्ध केले. स्वतःच्या वाणाची अशी कसून तपासणी करणाऱ्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. दुसरे म्हणजे, डॉसआर आणि डॉसएस यांच्या आधी आरव्ही३१३४सी हे जनुक आहे आणि तिन्ही एकाच प्रमोटरवरून एकत्र वाचली जातात. जनुक काढून परत घालताना फक्त डॉसआर आणि त्याच्या लगतचा डीएनए घेतला तर हा मुख्य प्रमोटर बाहेर राहतो, प्रथिन कमी तयार होते आणि ‘परत घातल्यावरही गुण परतला नाही’ असा चुकीचा अर्थ निघतो. म्हणून परत घातलेल्या वाणात डॉसआर किती तयार होते, हे प्रतिपिंडाने दाखवलेच पाहिजे.

हे सगळे तुमच्या उरलेल्या वर्षांत आणि उपलब्ध सोयीत बसणार नाही आणि बसवण्याची गरजही नाही. बीएसएल-३ नसलेल्या प्रयोगशाळेतून डॉसएस ते डॉसआर या प्रवासाचा वेग, परक्या जोडीदाराशी तुलना, बदललेल्या प्रथिनांची साक्ष, डीएनएला चिकटणे आणि बीसीजीमध्ये त्या बदलांचा जनुकांवरचा परिणाम एवढे निश्चितपणे होऊ शकते, आणि तो भक्कम प्रबंध होईल. मार्गदर्शकांसमोर हे वाक्य ठेवून पाहा: ‘५४ व्या ॲस्पार्टेटवरील फॉस्फेट हा बीसीजीमध्ये नायट्रिक ऑक्साइडला मिळणाऱ्या डॉसआर-प्रतिसादासाठी आवश्यक आहे.’ त्यातला प्रत्येक शब्द तुम्ही स्वतः सिद्ध करू शकता. रोगाबद्दलचे वाक्य प्रस्तावनेत इतरांच्या कामाचा हवाला देऊन, प्राण्याचे नाव घेऊन लिहावे.

औषधाच्या लक्ष्याबद्दल तुम्ही विचारलेत, त्याचे उत्तर सावध होकारार्थी आहे. २०१७ साली मिशिगन स्टेट विद्यापीठातील गटाने लाखो संयुगे चाळून डॉस प्रणाली रोखणारी काही संयुगे शोधली. त्यांत हिवतापावरचे आर्टेमिसिनिन निघाले, जे संवेदकांच्या हीमवरच हल्ला करते, आणि हीमला हात न लावता कायनेझचे काम थांबवणारी दोन वेगळी संयुगेही निघाली. त्या कामातला मला सर्वांत पटणारा प्रयोग म्हणजे हीमच्या कप्प्याकडे जाणाऱ्या वाटेवरचे एक अमिनो आम्ल बदलल्यावर आर्टेमिसिनिनचा परिणाम होईनासा झाला. संयुगाने प्रथिन रोखले असे म्हणायला हीच कसोटी हवी. तुम्ही एखादे संयुग तपासणार असाल तर ते डॉसएसच्या बरोबरीने जिवाणूतल्या दुसऱ्या एका संवेदक कायनेझवरही तपासा, आणि एटीपीचे प्रमाण दहापट वाढवून पुन्हा पाहा. दोन्ही कायनेझे सारखीच थांबत असतील, किंवा प्रथिनांचा गठ्ठा होऊन द्रावण गढूळ झालेले असेल, तर ते संयुग बाजूला ठेवून पुढचे घ्यावे.